कटिमणक्यांचे मापन : हाड, आकडा आणि ‘सामान्य’ माणूस – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठीत ‘मोजणे’ हे एकच क्रियापद दोन निराळ्या कामांसाठी वापरले जाते. वस्तू किती आहेत तेही मोजायचे आणि वस्तू केवढी आहे तेही मोजायचे. मानवी कण्याच्या अभ्यासात मात्र या दोन कामांमध्ये शतकानुशतकांचे अंतर आहे. चरकसंहितेने शरीरातील अस्थींची संख्या ३६० मानली व त्यांपैकी ४५ पाठीत सांगितल्या. सुश्रुतसंहितेने एकूण ३०० मानून पाठीच्या वाट्याला ३० दिल्या. या दोन गणनांचा मेळ कसा घालावा याचा ऊहापोह रुडॉल्फ हर्नले यांनी १९०७ मधील आपल्या ग्रंथात सविस्तर केला आहे. सुश्रुताने तर मृतदेह पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा व मग त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर उकलून पाहावा, अशी रीतही सांगितली आहे. तेव्हा प्रत्यक्ष निरीक्षण नव्हते असे म्हणता येत नाही. तथापि एखादा मणका किती उंच, किती रुंद, हे कोणी लिहून ठेवले नाही. कारण त्या आकड्याने ज्याचे उत्तर मिळेल असा प्रश्नच समोर नव्हता.

प्रस्तुत लेखात कमरेच्या पाच मणक्यांच्या मापनाचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा इतिहास पाहावयाचा आहे. विषय शरीररचनाशास्त्राचा असला तरी येथील दृष्टी इतिहासाची आहे. मणक्यावर कॅलिपर नेमका कोठे टेकवायचा हे हाडाने कधीच ठरवलेले नाही. ते त्या त्या काळाच्या प्रश्नाने ठरवले. प्रश्न बदलला तसा कॅलिपर मणक्याच्या पुढील भागाकडून मागे सरकत गेला. ज्यांची हाडे मोजली ती माणसे कोण होती, हा प्रश्न मात्र बराच काळ मागे पडून राहिला आणि त्याची किंमत अखेर आकड्यांनाच मोजावी लागली.

शरीरशास्त्राशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कमरेच्या मणक्याचा पुढचा भाग भरीव, मूत्रपिंडाच्या आकाराच्या जाड वडीसारखा असतो. त्याला येथे मणक्याचे धड म्हटले आहे. मागील बाजूस हाडाची कमान असते आणि धड व कमान यांच्यामध्ये मेरुनलिकेची पोकळी राहते, जिच्यातून पायांकडे जाणारे मज्जातंतू उतरतात. कमान धडाला दोन आखूड, जाड दांड्यांनी जोडलेली असते. हे दांडे म्हणजे ‘पेडिकल’. धड, पोकळी आणि पेडिकल हे मापनाच्या इतिहासातील तीन मुक्काम होत.

डब्लिनचा निर्देशांक

पहिला मुक्काम १८८६ चा आहे. त्या वर्षी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॅनियल जॉन कनिंगहॅम यांनी मनुष्य व वानर यांच्या कमरेच्या वक्रतेवर रॉयल आयरिश अकॅडमीच्या मालिकेत एक प्रबंध प्रसिद्ध केला. कनिंगहॅम हे नाव आपल्याकडील वैद्यकीय शिक्षणात अपरिचित नाही. त्यांच्या नावाची शवविच्छेदन-मार्गदर्शिका हाताशी ठेवून भारतातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या विच्छेदनाच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आहेत. मात्र त्या मार्गदर्शिकेच्या कर्त्याने मणक्यांच्या मापनाचा पाया घालताना स्वतःच्याच आकड्यावर केवढा मोठा संशय व्यक्त केला होता, हे फारसे सांगितले जात नाही.

प्रश्न त्या काळाचा होता. मनुष्य ताठ उभा राहतो तो कमरेच्या पुढे झुकलेल्या वळणामुळे. तर हे वळण सर्व मानवसमूहांत सारखेच आहे काय, आणि वानरांत ते कितपत आहे? डार्विनोत्तर युरोपात हा प्रश्न केवळ हाडांचा नव्हता. त्यामागे माणसांची उतरंड लावण्याची हौस होती. कवट्यांच्या मोजणीने ती हौस पुरती भागली नव्हती, म्हणून कणा हाती घेण्यात आला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कनिंगहॅम यांची रीत सोपी होती. पाचही कटिमणक्यांच्या धडांची उंची पुढून मोजायची व तिची बेरीज करायची. तशीच उंची मागून मोजून तिचीही बेरीज करायची. मागील बेरजेला १०० ने गुणून पुढील बेरजेने भागले की ‘कटिनिर्देशांक’ मिळतो. तो १०० पेक्षा कमी असेल तर धडे पुढून उंच, म्हणजे हाडांची घडण पुढे बाक देणारी. १०० पेक्षा जास्त असेल तर उलट. युरोपीय सांगाड्यांचा निर्देशांक सुमारे ९६ आला, तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा सुमारे १०८. अंदमानी सांगाड्यांचाही १०० च्या वरच भरला. एडिंबरोचे विल्यम टर्नर यांनी त्याच सुमारास चॅलेंजर जहाजाच्या सफरीत जमलेल्या सांगाड्यांवरून असेच निष्कर्ष काढले आणि या तीन प्रकारांना कुर्टोरॅकिक, ऑर्थोरॅकिक व कॉइलोरॅकिक अशी भारदस्त ग्रीक नावे दिली.

अंदमान म्हटले की मराठी वाचकाला सेल्युलर जेल आठवते. ते पूर्ण झाले १९०६ मध्ये. त्याच्या पाव शतकाहून अधिक आधी, १८७९ मध्ये, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयाचे विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी अंदमानी लोकांच्या अस्थींवर निबंध वाचला होता. १८५८ मध्ये तेथे कैद्यांची वसाहत झाली आणि तिच्या मागोमाग बेटांवरील मूळ रहिवाशांची हाडे विलायतेला जाऊ लागली. कमरेच्या मापनशास्त्रातील पहिल्या कोष्टकांत भारतीय उपखंडाचा प्रवेश झाला तो असा.

आता संशयाविषयी. कनिंगहॅम यांनी केवळ सुकी हाडे मोजली नाहीत. गोठवलेल्या मृतदेहांचे उभे छेद घेऊन त्यांनी मनुष्याचा व चिंपँझीचा कणा चकत्यांसह पाहिला. मणक्यांच्या मधल्या चकत्या कूर्चामय असतात, सांगाडा तयार करताना त्या नष्ट होतात, आणि कमरेच्या वळणाचा मोठा वाटा त्यांच्याच पाचरीसारख्या आकारात असतो. म्हणजे ज्याचा निर्देशांक १०८ त्याची कंबर जिवंतपणी सपाट किंवा मागे बाक आलेली होती, असे मुळीच ठरत नाही. निर्देशांक हाडाविषयी खरे सांगतो, वळणाविषयी नाही. कनिंगहॅम यांनी हे ओळखले आणि फरकाचे कारण वंशापेक्षा राहणीत शोधले. झाडांवर चढणारा, उकिडवा बसणारा, वारंवार वाकणारा माणूस कण्याची लवचीकता राखून असतो. खुर्चीवर बसणाऱ्या युरोपीयाच्या हाडांवर निराळा भार पडतो आणि हाडे त्या भाराला अनुसरून घडतात, असा त्यांचा रोख होता. त्यांची भाषा त्या काळाचीच आहे, ‘रानटी’ आणि ‘सुधारलेला’ हे शब्द तीत सर्वत्र आहेत. पण युक्तिवाद मात्र स्वतःच्याच कोष्टकाच्या सोयीस्कर वापराला आडवा जाणारा आहे.

पुढे झाले ते नेहमीचेच. कोष्टक पाठ्यपुस्तकांत शिरले, संशय तळटीपेत राहिला. रुडॉल्फ मार्टिन यांच्या १९१४ च्या जर्मन मानवशास्त्र-ग्रंथात हाडांच्या प्रत्येक मापाला क्रमांक मिळाले. मणक्याच्या यादीत पहिले माप धडाची पुढील उंची आणि दुसरे मागील उंची हेच होते. जुन्या प्रश्नाने लावलेला क्रम अशा रीतीने प्रमाण पद्धत होऊन बसला. निर्देशांकात आणखी एक उणीव होती. पहिल्या दोन मणक्यांत मागील बाजू किंचित उंच असते आणि पाचव्यात पुढील बाजू स्पष्टपणे उंच असते. पाचांची बेरीज केली की हे दोन्ही फरक एकमेकांत विरतात आणि हाडाचे खरे वैशिष्ट्य बेरजेत हरवते.

धडाकडून पोकळीकडे

विसाव्या शतकाच्या मध्याला मापनाचा प्रश्न मानवशास्त्राकडून रुग्णालयात आला. क्ष-किरणांनी (१८९५) जिवंत माणसाचा मणका मोजणे शक्य केले, परंतु समोरून घेतलेल्या चित्रात मेरुनलिकेची पुढून-मागे खोली दिसत नाही; दिसतात त्या दोन पेडिकलच्या लंबगोल छाया. म्हणून १९३४ मध्ये एल्सबर्ग व डाइक यांनी त्या दोन छायांमधील अंतर मोजले आणि ते वाजवीपेक्षा वाढले असल्यास आत गाठ असावी, असे निदान सुचवले. जे यंत्राला दिसते ते मोजले जाते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

खोलीचे माप घेतले ते हॉलंडमधील उट्रेक्टचे शल्यविशारद हेंक वर्बीस्ट यांनी. त्यांच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांची तक्रार विलक्षण होती. उभे राहिले वा चालले की पाय दुखतात, बधिर होतात. बसले किंवा पुढे वाकले की आराम पडतो. शस्त्रक्रियेत गाठ सापडत नव्हती. वर्बीस्ट यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच मोजपट्टीसारखे खास साधन वापरून नलिकेची खोली मोजली, आणि १९५४ च्या निबंधात मांडले की काही माणसांची नलिका जन्मतःच्या वाढीत अरुंद राहिलेली असते. पुढे १० मिलिमीटर वा त्याहून कमी म्हणजे निश्चित संकोच आणि १० ते १२ म्हणजे सापेक्ष संकोच, ही मर्यादा त्यांच्या नावाने रूढ झाली. येथे मापन प्रथमच एका माणसाच्या दुखण्याला बांधले गेले.

पण ‘अरुंद’ कशाच्या तुलनेत? ते ठरवायला पुन्हा सांगाड्यांकडेच जावे लागले. दक्षिण आफ्रिकेत स्टीफन आयझेनस्टाइन यांनी ४४३ सांगाड्यांतील २,१६६ कटिमणके मोजले (१९७७) आणि मध्यरेषेवरील खोलीची सामान्य किमान मर्यादा १५ मिलिमीटर सांगितली. १९८० मध्ये उलरिख व सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवरून हीच मर्यादा ११.५ मिलिमीटर दिली. एकाच पोकळीसाठी १०, ११.५ आणि १५ हे तीन आकडे पाहून अभ्यासक गोंधळतो. वास्तविक त्यांत तसा विरोध नाही. एक आकडा दुखणाऱ्या माणसाच्या उघड्या कण्यातील आहे, दुसरा चित्रावरील आणि तिसरा दुखणे होते की नव्हते हे ठाऊक नसलेल्या सुक्या हाडातील. तिन्ही एकाच रकान्यात लिहिले जातात तेव्हा मात्र चूक होते.

पेडिकल : स्क्रूच्या मापाचे हाड

तिसरा मुक्काम शस्त्रक्रियेनेच निर्माण केला. पॅरिसचे रेमंड रॉय-कॅमिल यांनी १९६३ पासून मोडलेला वा सरकलेला मणका स्थिर करण्यासाठी मागून, पेडिकलमधून धडात स्क्रू बसवण्यास सुरुवात केली. पद्धत जगभर पसरली आणि तोवर दुर्लक्षित असलेला हा आखूड दांडा सर्वांत महत्त्वाचा ठरला. स्क्रू दांड्यापेक्षा जाड असेल तर हाड फुटते. दिशा आत चुकली तर मज्जातंतू दुखावतो. हे सर्व अगदी थोड्या मिलिमीटरांच्या हिशेबाचे काम आहे. १९८७ मध्ये झिंड्रिक व सहकाऱ्यांनी छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या पाचव्यापर्यंत २,९०५ मापे प्रसिद्ध केली. कमरेच्या पाचव्या मणक्याचा पेडिकल सर्वांत रुंद, सरासरी १८ मिलिमीटर; छातीच्या पाचव्याचा सर्वांत अरुंद, सुमारे साडेचार. येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये ६० कटिमणक्यांची त्रिमितीय मापे दिली आणि संगणकीय प्रतिमाने त्यांवर उभी राहिली.

भारतीय शल्यविशारदांना यात अडचण जाणवणे स्वाभाविक होते. स्क्रू आयात केलेला, त्याचे माप परदेशी, आणि कंबर मात्र येथली. २००२ व २००३ या लागोपाठच्या वर्षांत ‘स्पाइन’ या नियतकालिकात भारतीयांच्या पेडिकलची मापे प्रसिद्ध झाली आणि काही पातळ्यांवर ती पाश्चात्त्य नोंदींपेक्षा निराळी असल्याचे दिसले. तेव्हापासून आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत कटिमणक्यांच्या मापनाचे निबंध मोठ्या संख्येने लिहिले जाऊ लागले. विभागातील हाडांची पेटी, एक वर्नियर कॅलिपर आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर होणारे हे संशोधन आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. आवश्यक होते म्हणूनच ते झाले. तथापि अशा निबंधांत ‘साधने व पद्धती’ या शीर्षकाखाली एक वाक्य वारंवार आढळते : अभ्यासलेल्या मणक्यांचे वय व लिंग अज्ञात आहे. प्रस्तुत लेखकाला या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच वाटते.

ही हाडे कोणाची?

आयझेनस्टाइन यांच्या मालिकेत झुलू, सोथो व गोऱ्या लोकांचे सांगाडे होते. दक्षिण आफ्रिकेतील असे संग्रह बेवारस मृतदेहांतून वाढले, आणि त्यांत कामासाठी शहरात आलेल्या काळ्या मजुरांचा भरणा मोठा होता. अमेरिकेतील पुष्कळ प्रमाण मापे क्लीव्हलंडच्या हॅमन-टॉड संग्रहातून आली. वैद्यकीय महाविद्यालयात विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत जमलेले तीन हजारांवर सांगाडे, तेही बहुतांशी शहरातील बेवारस गरिबांचे. इंग्लंडच्या १८३२ च्या शरीररचना कायद्याने घालून दिलेला हा धडा होता आणि १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्याची कल्पनाही तीच : ज्याच्यावर कोणी हक्क सांगत नाही तो देह शिक्षणाच्या कामी यावा. खेरीज कोलकाता हे अनेक दशके जगाला सांगाडे पुरवणारे केंद्र होते. १९८५ मध्ये भारत सरकारने मानवी अस्थींच्या निर्यातीवर बंदी घातली. तोवर परदेशातील असंख्य वर्गांत टांगलेला सांगाडा हा भारतीय माणसाचा होता. वय, लिंग, गाव, व्यवसाय यांतले काहीही त्याच्यासोबत गेले नाही.

याच्या अगदी उलट एक उदाहरण नोंदवावेसे वाटते. माउथाउझेन या नाझी छळछावणीत मरण पावलेल्या फ्रेंच कैद्यांचे सांगाडे युद्धानंतर उकरून काढण्यात आले. त्यांची ओळख पटवण्याच्या कामात असलेले डॉक्टर जॉर्ज फुली यांनी १९५६ मध्ये हयातीतील उंची ठरवण्याची नवी रीत मांडली. कवटी, मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खालचा एकेक मणका, मांडीचे व नडगीचे हाड आणि घोटा-टाच यांच्या उंचींची बेरीज करायची व मऊ भागांसाठी १० ते ११.५ सेंटिमीटर मिळवायचे. कनिंगहॅम यांनी ज्या धडाची पुढील उंची मोजली, तीच येथेही जवळपास मोजली जाते. पण तेथे बेरीज झाली ती माणसांचा गट ठरवण्यासाठी. येथे झाली ती एका सांगाड्याला त्याचे नाव परत देण्यासाठी.

अज्ञात वय-लिंगाने आकड्यांचे नुकसान कसे होते, हे गेल्या काही वर्षांतील दोन अभ्यासांवरून कळते. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये व्हिटकम, शपिरो व लीबरमन यांनी दाखवले की स्त्रियांत कमरेच्या तीन मणक्यांची धडे पाचरीसारखी असतात, पुरुषांत दोनच मणक्यांची; गर्भाचा भार पेलण्यासाठी झालेली ही घडण आहे. तेव्हा स्त्री-पुरुषांची हाडे एकत्र मिसळून काढलेली सरासरी प्रत्यक्षात कोणाच्याच कमरेची नसते. दुसरा अभ्यास २०२२ चा. स्कॉट विल्यम्स व सहकाऱ्यांनी निअँडरथल मानवाच्या कटिमणक्यांची तुलना करताना आधुनिक माणसांचे दोन गट केले, औद्योगिक काळापूर्वीचे आणि नंतरचे. निअँडरथलची हाडे नंतरच्या गटाहून निराळी ठरली, पण आधीच्या गटाशी जुळली. औद्योगिक समाजातील माणसाच्या मणक्यांची पाचर अधिक तीव्र असते, आणि पूर्वीच्या अभ्यासांनी मुख्यतः त्याच माणसाचे सांगाडे मानवजातीचे माप म्हणून धरले होते. ‘वंश’ म्हणून जे मोजले गेले त्यात राहणीचा वाटा मोठा होता, हा कनिंगहॅम यांचा संशय १३६ वर्षांनी कोष्टकासह परत आला.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ साधा नाही. महाविद्यालयाच्या पेटीतील मणका भातलावणीत जन्मभर ओणव्याने राबलेल्या कोकणातल्या बाईचा असेल, गिरणीत उभा राहिलेल्या कामगाराचा असेल, किंवा पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाचा असेल. त्याच्या पेडिकलची रुंदी आपण मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लिहितो आणि तिला ‘भारतीय’ असे विशेषण लावतो. आज ज्याच्या कमरेत स्क्रू बसवायचा आहे तो माणूस मात्र दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीवर बसणारा असू शकतो. युरोपीय सरासरी आपल्याला लागू पडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण बेवारस गरिबांच्या हाडांवरून काढलेली आपली सरासरी आपल्यातल्या कोणाला लागू पडते, हा आक्षेप आपण स्वतःवर घेतलेला नाही.

महाराष्ट्रात देहदानाची चळवळ रुजली आहे आणि दात्याची माहिती त्याच्या हयातीतच मिळू शकते. देह स्वीकारताना वय व लिंग यांबरोबर आयुष्यभराचा व्यवसाय, बसण्या-उठण्याची रीत, कंबरदुखीचा पूर्वेतिहास, स्त्री असल्यास बाळंतपणांची संख्या एवढ्या बाबी नोंदवून त्या हाडांच्या क्रमांकाशी जोडणे अवघड नाही. नाव गोपनीय ठेवूनही ते करता येते. त्यासाठी शरीररचना विभागाला समाजशास्त्राच्या एखाद्या सहकाऱ्याची मदत लागेल, एक चांगली नोंदवही लागेल आणि पेटीतील जुन्या मणक्यांना नव्या मणक्यांपासून वेगळे ठेवण्यासाठी एक दुसरी पेटी लागेल.